टेकडीचा माल

गिरडच्या टेकडीवर सुपारीचं एकही झाड नाही, पण सुपाऱ्या मात्र उतारभर पडलेल्या असतात. खारका असतात, जायफळं असतात, कुठेकुठे नारळही सापडतो. सगळा माल दगडाचा. तिकडच्या लहानातल्या लहान पोराला त्याची गोष्ट पाठ असते. दोन बंजारी व्यापारी बैलांवर गोण्या लादून चालले होते. टेकडीवरच्या बाबांनी विचारलं, गोण्यांत काय आहे? व्यापाऱ्यांना वाटलं, फकीर आहे, काहीतरी मागेल. म्हणाले, दगड आहेत. बाबा म्हणाले, बरं, दगड तर दगड. पुढच्या मुक्कामी गोण्या सोडल्या तर खरंच दगड. दोघं रडत परत आले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांचा त्यांना नवा माल करून दिला. ते व्यापारी मग बाबांच्या सेवेला तिथेच राहिले आणि दगडाचा माल टेकडीवर पडून राहिला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी त्या टेकडीजवळच्या एका गावात विज्ञान शिकवायला आले. नागपूरची, बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलेली आणि तोंडाची फटकळ. गावात पाय ठेवल्यापासून मी भुतांच्या मागे लागले. ज्या चिंचेखाली कोणी थांबत नसे तिथे खुर्ची टाकून मी सहामाहीचे पेपर तपासले. जिभेवर कापूर जाळून दाखवला. कोणा महाराजाच्या हातातली हळद लाल होते म्हणून गाव लोटलं होतं, तर मी हाताला चुन्याची निवळी लावून वर्गात हळद लाल केली आणि मुलांना म्हटलं, आता माझ्याही पाया पडा. मुलं हसत सुटली. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

मी एका विधवा शेतकरीण मावशींच्या घरी खोली घेऊन राहत होते. घरात त्या आणि त्यांची सून. मुलगा हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला होता आणि कापसाच्या हंगामात तो तिकडेच असायचा. मावशींना हळदीचा प्रयोग कळला तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी मला तो पुन्हा करून दाखवायला लावला, नीट पाहिला आणि हात झटकून म्हणाल्या की तुम्हाला येतं हे ठीक आहे, पण मी कधी म्हटलं होतं की तुम्हाला येत नाही? त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी शाळेत सांगत असे. पण मला त्या आवडायच्या. मीही त्यांना आवडत असावे, कारण पहिल्याच आठवड्यात त्यांनी वांग्याची भाजी कशी झाली विचारलं तेव्हा मी मीठ जास्त झालं म्हणून सांगितलं होतं. ते त्यांनी गावभर कौतुकानं सांगितलं.

सून माझ्याच वयाची. शाळा चौथीत सुटलेली, पण डोळे सतत काहीतरी शोधत असायचे. मी भिंग घेऊन काही पाहत बसले की ती हातातलं काम टाकून मागे येऊन उभी राहायची. मुंगीचे डोळे, मिठाचा खडा, तिच्याच बोटावरच्या रेषा, सगळं तिला पाहायचं असे. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. मावशींनी कुठून तरी मंतरलेला दोरा आणला आणि माझ्यासमोर धरून विचारलं, हा कामी येईल का? मी म्हटलं, मला नाही वाटत, पण दर महिन्याला हिला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवा. मावशी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मग एका सकाळी त्यांनी सुनेला दोरा बांधला आणि तिलाच घेऊन सेवाग्रामची बसही पकडली.

टेकडीच्या दगडांबद्दल गावाचा एक नियम होता. बाहेरगावचे भाविक चार दगड पिशवीत घालून नेत, त्याला कोणाची हरकत नसे. पाहुणा आहे, नेऊ दे. पण पायथ्याच्या गावांनी एकही उचलायचा नाही. आपण राखणदार आहोत, राखणदारानंच हात मारला तर मालक काय म्हणेल? मला हा नियम ठाऊक होता आणि मी पाहुण्यांत मोडते हे मी गृहीत धरलं होतं. म्हणून एका संध्याकाळी फिरायला गेले असताना लिंबाएवढा एक गोल दगड मी ओढणीत बांधून आणला. शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. दगड फोडून आत सुपारी नाही हे मला दाखवायचं होतं.

रविवारी मावशी शेतात गेल्या होत्या. मी अंगणातल्या कपडे धुवायच्या दगडावर तो ठेवला आणि हातोडी घेतली. सून पोट सांभाळत उंबऱ्यावर बसली. तिनं मला अडवलं नाही, पण डोक्यावर पदर घेतला. मी तिला सांगत होते की इथे एकेकाळी लाव्हा वाहत होता, थंड होताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, मग पाणी झिरपून झिरपून त्या पोकळ्या भरत गेल्या, वरचा काळा खडक झिजला आणि आतल्या गोट्या मोकळ्या झाल्या. बुडबुड्याचा साचा म्हणून गोल, गोल म्हणून सुपारी. मी अगदी वर्गातल्यासारखी बोलत होते. तिसऱ्या घावाला दगड मधोमध फुटला आणि मी बोलायची थांबले.

मी असे नमुने कॉलेजच्या कपाटात पाहिले होते, धूळ खात पडलेले, नंबर चिकटवलेले. हा अंगणातल्या उन्हात उघडला. मधल्या एका बिंदूपासून चारी बाजूंनी पांढऱ्या शुभ्र सुया निघालेल्या, शेवयांहून बारीक, एकीला एक चिकटून, आणि कडेला जिथे थोडी पोकळी राहिली होती तिथे त्यांची टोकं सुटी. दगड जरा हलवला की उजेड त्यांच्यावरून सरकत जायचा. मला गहिवरून आलं. सून उंबऱ्यावरून उठून कधी जवळ आली ते मला कळलं नाही.

मग मी तिला म्हटलं की हे कोट्यवधी वर्षं असं बंद होतं, याच्यावर ऊन आज पहिल्यांदा पडतंय. हे याआधी कोणीच पाहिलेलं नाही.

"बाबानं पन नाई?" तिनं विचारलं.

मी जरा अडखळले. पण खोटं बोलायची मला सवय नव्हती. "बाबांनीही नाही," मी म्हटलं. "आपण दोघी पहिल्या."

ती हसली नाही की घाबरली नाही. नुसती पाहत राहिली. मग झाडू आणून सांडलेला चुरा तिनं गोळा केला आणि एक अर्धं आपल्याकडे ठेवू का म्हणून विचारलं. मी दिलं. दुसरं अर्धं प्रदर्शनात मांडलं, खाली कार्डावर खनिजाचं नाव लिहून. मुलांनी पाहिलं, मास्तरांनी पाहिलं, सगळे वा म्हणाले. आणि दुपारपर्यंत गावात बातमी झाली की बाबांच्या सुपारीत उजेड आहे, बाईंनी फोडून दाखवला. मी कपाळावर हात मारून घेतला.

जानेवारीतली गोष्ट. मावशींच्या दारात कापूस न्यायला ट्रक लागला होता. सकाळचं कोवळं ऊन, अंगणात कापसाचे ढीग, मजूर ट्रक भरत असलेले. मी शाळेत निघाले होते तेवढ्यात सून न्हाणीतून भिंतीला धरून बाहेर आली. तिच्या लुगड्याला रक्त लागलेलं होतं आणि ते थांबत नव्हतं. सातवा सरून आठवा लागलेला. दवाखान्यात आधीच बजावून सांगितलं होतं की रक्त दिसलं तर एक क्षण घरी थांबू नका. मी ट्रकच्या ड्रायव्हरला हाक मारली. तो भला माणूस होता. म्हणाला, कापसावरच निजवा, हिंगणघाटपर्यंत नेतो, पुढे तिचा नवरा जीप करेल. मजुरांनी कापूस दाबून जागा केली.

मावशी सुनेचे कपडे काढायला खोलीत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दगडाचं अर्धुक होतं. सुनेच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत सापडलेलं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. प्रदर्शनातला दगड त्यांनी खपवून घेतला होता, तो शाळेत होता. हा त्यांच्या घरात होता, फोडलेला, गर्भारशीच्या उशापाशी.

त्यांनी दारातच ठाण मांडलं. हे वर गेल्याशिवाय सून हलणार नाही. टेकडीवरून पुढे जायचा रस्ता, बाबांच्या समोरून त्यांचा फोडलेला माल घरात ठेवून पोटुशी बाई न्यायची कशी? मी ओरडले. मी म्हटलं, दगड मी आणला, मी फोडला, मला काय व्हायचं ते होऊ दे. आणि नियम तुमच्या गावाला आहे, मी तर बाहेरची.

"तुमी बाहेरच्या कुठं राह्यल्या आता?" मावशी म्हणाल्या. "माह्या चुलीवरचं खाता."

त्या रागानं बोलल्या नाहीत, म्हणून ते मला जास्त लागलं. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. सून ओसरीवर डोळे मिटून पडली होती, ओठ पांढरे पडत चाललेले. मला त्या क्षणी लाव्हा, बुडबुडे, झिरपणारं पाणी, सगळं माहीत होतं आणि त्यातलं काहीही त्या बाईला दारातून बाजूला करू शकत नव्हतं. मी म्हटलं, मावशी, दोन्ही अर्धी मी आत्ता वर नेते. स्वतः नेऊन ठेवते. पण ट्रकही आत्ताच निघेल, मी परत यायची वाट पाहायची नाही.

मावशी माझ्याकडे पाहत राहिल्या. "तुमचा तं कशावरच इश्वास नाई," त्या म्हणाल्या. "रस्त्यात फेकून द्यान."

"माझा बाबांवर विश्वास नाही," मी म्हटलं. "पण ठेवते म्हणाले तर ठेवते."

शपथ कशाची घ्यावी हा प्रश्नच होता. देव मी मानत नव्हते, आणि दुसऱ्या कशाची शपथ त्यांनी मानली नसती. त्या अजून क्षणभर थांबल्या. ती खारट भाजी, मंतरलेला दोरा, त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं कोण जाणे. मग त्यांनी ते अर्धुक माझ्या ओंजळीत ठेवलं आणि दार सोडलं.

"जा," त्या म्हणाल्या. "जोडून ठेवजा."

ट्रक गेला. शाळेतून दुसरं अर्धं काढून मी टेकडीकडे धावत निघाले. पायथ्याशी हिंगणघाटची एस.टी. उभी होती. कंडक्टर ओळखीचा, त्यानं हात केला, बाई, येता काय? माझा जीव सगळा त्या ट्रकमध्ये होता. बाजूला तुरीचं वावर होतं. दगड तिथे भिरकावून बसमध्ये चढले असते तर जगात कोणालाही कळलं नसतं. दगडाला तर नाहीच नाही. मी त्या कंडक्टरवर विनाकारण चिडले आणि टेकडी चढायला लागले.

वर पोचेपर्यंत मला धाप लागली. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं. खाली काळ्या रानात कापसाचे पांढरे ठिपके, मागे तलाव, आणि माझ्या पायांशी उतारभर तो माल. दगड नेमका कुठून उचलला होता ते मला आठवेना. मी एका झुडपाखाली बसले आणि दोन्ही अर्धी जुळवली. एका कडेला कपचा उडालेला होता, पण बाकी ती इतकी नेटकी बसली की मधली भेग दिसेना. ओढणीचा दोरा काढून मी ती बांधली.

तेव्हा मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. आतल्या सुया पुन्हा अंधारात गेल्या. इतक्या प्रचंड काळातून काढलेला एक रविवार आणि प्रदर्शनाचे चार दिवस, एवढंच ऊन त्यांच्या वाट्याला आलं. आजूबाजूला तसेच हजारो दगड पडले होते, प्रत्येकाच्या आत बहुधा तसाच झगमगाट, कोणीही न पाहिलेला. आणि त्या सगळ्यांवर मी बसले होते. व्यापाऱ्यांच्या गोष्टीला मी इतके दिवस हसत होते, पण वाफेच्या बुडबुड्यात पाणी झिरपून असं काही तयार होतं हे मी एखाद्या व्यापाऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं तरी कुठे विश्वास ठेवला असता? मी हात जोडले नाहीत. पण चपला काढल्या होत्या, हे मला खाली उतरताना खडे टोचले तेव्हा कळलं. परत जाऊन त्या घेऊन आले.

सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचले तेव्हा दुपार कलली होती. मावशी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, लुगड्याला कापूस चिकटलेला. ऑपरेशन झालं होतं. सून वाचली होती. मुलगी झाली होती, जीव एवढासा, काचेच्या पेटीत ठेवलेली. मावशींनी यातलं काहीच आधी सांगितलं नाही. आधी विचारलं, "ठेवला?"

"ठेवला," मी म्हटलं. "जोडून."

मग त्या रडल्या. मीही त्यांच्या शेजारी बसून रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वेळेवर आणलंत, आणखी उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मावशींकडे. त्या दारात किती वेळ गेला होता हे दोघींनाही माहीत होतं. त्याबद्दल आम्ही पुढे कधी बोललो नाही.

गावात अर्थातच बाबांचा माल परत गेला म्हणून पोर वाचली. वर्गात मी सांगायचे, रक्त दिलं, ऑपरेशन केलं म्हणून वाचली. मावशींनी आपल्यापुरती वाटणी केली होती, सून दवाखान्यानं वाचवली आणि नात बाबांनी. मी म्हणायचे, एकाच टेबलावर दोघी होत्या. त्या म्हणायच्या, मग काय झालं, एकाच चुलीवर भात आणि वरण होत नाही? ही भांडणं आम्ही वर्षानुवर्षं चवीनं केली. पोर दुडदुडायला लागली, मग शाळेत आली, माझ्याच वर्गाच्या दारात येऊन डोकवायला लागली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली झाली. मावशींचे गुडघे गेले होते, त्यांनी दारातूनच निरोप दिला. सून मुलीला घेऊन मला स्टँडपर्यंत सोडायला आली. बसला उशीर होता. लिंबाखाली उभं राहून तिनं पदराची गाठ सोडली आणि तळहात माझ्यासमोर धरला. बोटाच्या नखाएवढा एक कपचा. पांढऱ्या सुयांचा, जरा मळलेला, पण उन्हात तसाच चमकणारा.

"पुरा दगड वर गेलताच नाई, बाई," ती म्हणाली.

मला आधी कळेचना. मग तो झाडू आठवला, कडेचा उडालेला कपचा आठवला. त्या सकाळी तो कुठे होता, मी विचारलं. तिच्याजवळच होता. ट्रकमध्ये कापसावर निजली तेव्हा पदराला बांधलेला होता. सासू शेजारी बसून बाबांना विनवत होती की सगळं परत येऊन राह्यलं, आता माफ करा, आणि ही डोळे मिटून ऐकत होती. दवाखान्यात लुगडं बदललं तेव्हा तिनं तो मुठीत धरला. शुद्धीवर आली तेव्हा नर्सबाईंनी उशाखाली ठेवलेला सापडला.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"लय वाटली. दोन लेकरं गेलती माही. वाटे, फेकून देऊ, आता फेकून देऊ." ती मुलीच्या केसांवरून हात फिरवत होती. "पर तुमी म्हणलं होतं ना, हे कोनीच पाह्यलं नाई, आपन दोघीच पहिल्या. मंग ते मले वापस देववलं नाई."

एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच मुलांना शिकवत असे, आणि यावरून बाबा खोटे ठरत नव्हते की खरे. पण मी चिंचेखाली खुर्ची टाकून बसले होते ती गावानं पाहावं म्हणून. जिभेवर कापूर जाळला तो टाळ्यांसाठी. माझं काहीही पणाला लागलेलं नव्हतं. हिनं स्वतःचा जीव आणि पोटातलं लेकरू पणाला लावून, भीतीनं अर्धमेली होऊन, मूठ उघडली नव्हती, आणि इतकी वर्षं कोणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. इतकं धाडस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. वर्गात हळद लाल करून मी मुलांना पाया पडायला सांगितलं होतं, तेही आठवलं.

मुलीनं तो कपचा आईच्या हातातून घेतला, उन्हात धरला आणि डोळा बारीक करून आत पाहायला लागली. सून म्हणाली, बुढीले सांगू नका. नाही सांगणार, मी म्हटलं. लांबून बस येताना दिसली तेव्हा मी पिशवी उघडली आणि भिंग काढून मुलीच्या हातात दिलं.